अठरावी ओळ

मी एक जुनी फाईल आहे. कागदाची नव्हे, संगणकातली. आडव्या ओळी आणि उभे रकाने एवढाच माझा देह. मित्रांनो, माझा जन्म छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्यातल्या एका छोट्या कार्यालयात झाला. वाड्या-वस्त्यांवरच्या हातपंपांचं पाणी तपासणारी ती संस्था. मला घडवलं तिथल्या रत्नमालाताईंनी.

माझ्यात बेचाळीस हातपंप होते, प्रत्येकाची एक ओळ. सोनाजीभाऊ मोटारसायकलवर हिंडून पाणी तपासत आणि वस्तीवरूनच मोबाइलवर माझ्यात आकडे भरत. महिनाअखेरीस ताई मला सजवत. रकान्यांची रुंदी सारखी करत, मथळे ठळक करत, मला नेमकं एका पानात बसवत. मग मी तालुक्याच्या कार्यालयांत जाई. "तक्ता असावा तर असा," लोक म्हणत. मलाही अभिमान वाटे.

दिवाळीनंतर सोनाजीभाऊंनी वैजापूरकडच्या एका मेंढपाळ वस्तीची नोंद केली. ती अठरावी ओळ. पाण्यात नायट्रेट फार होतं, तान्ह्या लेकरांच्या जिवाला घातक. त्यांनी ओळ लाल केली आणि शेजारी लिहिलं, 'पुन्हा तपासायचं.'

कार्यालयप्रमुख साहेबराव म्हणाले, "ताई, अर्धवट नोंद पुढं पाठवू नका. दुसरी तपासणी झाली की दाखवू. तोवर लपवून ठेवा."

ताईंनी ओळ लपवली. मित्रांनो, लपवलेली ओळ पुसली जात नाही. ती आतच असते, जागी. बाहेरून फक्त सतरानंतर एकदम एकोणीस दिसतं.

दुसरी तपासणी झालीच नाही. आठच दिवसांत सोनाजीभाऊ हृदयविकारानं गेले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला दिसणारे एक्केचाळीस पंपच ठाऊक होते. तीन महिने मी तशीच जात राहिले, देखणी आणि खोटी. खाली एकूण बेचाळीस लिहिलेलं होतं, पण वरच्या ओळी कुणी मोजल्या नाहीत.

मग फाल्गुनातली ती दुपार. बाहेरचा रस्ता उन्हानं ओस पडला होता. ताई माझे मथळे नीट करत होत्या, तेवढ्यात माझ्या कोपऱ्यात एक नाव उमटलं. दुसऱ्या कुणी मला उघडलं की त्याचं नाव येतं, आणि तो जिथं असेल तिथं एक रंगीत चौकट दिसते.

नाव होतं सोनाजी.

चौकट पहिल्या ओळीपासून खाली सरकू लागली. सावकाश, एकेक ओळ, भाऊ आकडे पडताळत तशी. सतरा आणि एकोणीसच्या मधल्या रेघेवर, जिथं ओळच दिसत नव्हती, तिथं ती थांबली. हलेना.

ताईंनी देवगाव रंगारीला, भाऊंच्या घरी फोन लावला.

"वहिनी, भाऊंचा मोबाइल कोणाकडं हाय?"

"कोणाकडं असंल?" भाऊंच्या पत्नी बानाबाई म्हणाल्या. "ते गेले तव्हापासून बंद हाय. पेटीत ठेवलाय. किल्ली माझ्याच गळ्यात हाय. काहून इचारता?"

ताईंनी फोन ठेवला. त्यांनी लपवलेली ओळ उघडली. लाल रंग होता तसाच होता. चौकट त्यावर क्षणभर थांबली, आणि नाव निघून गेलं.

ताईंनी साहेबरावांना बोलावून ओळ दाखवली.

"दुसरी तपासणी राहिली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"करणारा माणूस गेला, साहेब. वस्ती तिथंच हाय."

साहेबराव त्याच दुपारी जीप काढून वस्तीवर गेले. तिथं दोन महिन्यांची एक पोर त्याच पाण्यात कालवलेलं बाटलीचं दूध पीत होती. तिचे ओठ निळसर पडले होते. पोरीला आईसकट त्यांनी शहरातल्या दवाखान्यात आणलं. चौथ्या दिवशी तिचे ओठ गुलाबी झाले. पंप कुणी वापरू नये म्हणून त्याला साखळी लागली.

ते नाव पुन्हा कधी माझ्यात उमटलं नाही. कसं आलं होतं, हे मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, मला जरूर सजवा. पण दुसऱ्याच्या हाती देण्याआधी माझ्या ओळी एकदा मोजा. ओळ लपवली तरी तिच्यामागची माणसं तिथंच असतात, आणि तेच पाणी पीत असतात.