दोन खुणांमधलं पाणी

नदीवर आडवी ताणलेली एक जाड तार आहे आणि त्या तारेवर चाकांनी सरकणारी लोखंडी पेटी. आम्ही तिला पाळणा म्हणतो. तीत दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतात. एक आमच्या देशाचा मोजणीदार, म्हणजे मी. दुसरा पैलतीरावरच्या देशाचा, म्हणजे माझे व्याही. सुरुवातीला ते नुसते पलीकडचे मोजणीदार होते.

तारेवर लाल रंगाच्या खुणा आहेत. प्रत्येक खुणेपाशी पाळणा थांबवायचा, पितळेची भिंगरी पाण्यात सोडायची आणि एकच हेडफोन दोघांनी वाटून घ्यायचा; एक बाजू त्यांच्या कानाला, एक माझ्या. भिंगरी फिरते तशी कानात टिकटिक वाजते. पाण्याला ओढ असली की टिकटिक घाईची होते. ठरलेली वेळ संपेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. मग दोघांनी टिकटिकीचा आकडा एकदम म्हणायचा. जमला तर लिहायचा, नाहीतर पुन्हा मोजायचं. एकानं आधी बोलायचं आणि दुसऱ्यानं मान डोलवायची, हे चालत नाही. दोन्ही देशांचा एकमेकांच्या कशावरच विश्वास नाही. या एकदम म्हटलेल्या आकड्यावर मात्र आहे.

व्याह्यांनी माझ्या धाकटीला मागणी घातली ती या पाळण्यातच. भिंगरी पाण्यात होती. वेळ संपली, मी आकडा म्हटला आणि त्याच क्षणी ते म्हणाले, "तुमची मुलगी आमच्या घरी द्या."

मी म्हणालो, "आकडा जमला नाही."

"मग पुन्हा मोजू," ते म्हणाले. "मी काही घाईत नाही."

मी मुळात कमी बोलणारा. मोजणी संपली की पाळणा काठाला लागेपर्यंत पुस्तकात तोंड खुपसून बसायची माझी सवय. ते मला पंडित म्हणत आणि लग्नानंतर, फारच लहर आली की, व्याहीपंडित. "पाळण्यात बसलेली आपण दोन म्हातारी बाळं," असं ते म्हणायचे, "आणि झोका द्यायला कुणी नाही."

धाकटी पूल ओलांडून सासरी गेली. नदीच्या खालच्या अंगाला, त्यांच्या गावात जावयाची रोपवाटिका आहे. पुलावरून ये-जा करायचा पास दोन काठांवरच्या दोन गावांत राहणाऱ्यांनाच मिळतो. त्या पासावर ती महिन्याकाठी यायची, आईशी तासभर भांडायची आणि डबा भरून घेऊन परत जायची.

आता दोन देशांतल्या पाण्याच्या कराराचं सांगतो, थोडक्यात. तारेच्या थोडं खाली बंधारा आहे आणि त्याचे दरवाजे आमच्या देशाच्या हातात आहेत. नदीत करारात ठरलेल्या आकड्याइतकं, आमच्या भाषेत रेघेइतकं, पाणी असेल तोवर दरवाजे उघडे ठेवायचे आणि पलीकडच्यांचा वाटा खाली सोडायचा. पाणी रेघेखाली गेलं की आम्हाला दरवाजे लावून पाणी आमच्याकडे वळवायची मुभा. करार झाला तेव्हा डोंगरावरचा बर्फ उन्हाळाभर वितळत राहायचा, त्यामुळे ही रेघ कागदावरच होती. आता बर्फच धड पडत नाही. जो पडतो तो वेळेआधी वितळून एकदम खाली येतो.

असाच एकदा लोंढा आला आणि त्यानं नदीचा तळ खरवडून तिसऱ्या आणि चौथ्या खुणेच्या मधोमध एक खोल चर पाडला. उन्हाळ्यात बरंचसं पाणी त्या चरातून जातं आणि आमची भिंगरी त्याच्या अलीकडे-पलीकडे, खुणांवर, उथळ पाण्यात फिरते; आकडा असतो त्याहून कमी येतो. हे काही गुपित नव्हतं. आमच्या साहेबांनी नकाशा काढून खुणा हलवायचा प्रस्ताव पाठवला. पलीकडच्या साहेबांनीही पाठवला. पण दोन्ही राजधान्यांत एकच शंका निघाली: समोरचा इतक्या आनंदानं कबूल होतोय म्हणजे यात त्याचाच फायदा असणार. खुणा होत्या तिथेच राहिल्या.

यंदा उन्हाळा लागला तसा आकडा रेघेकडे घसरू लागला. आमच्या गावात टाकीला पाणी नव्हतं. घरासमोरचा शिंपी रोज मला गाठायचा. "मास्तर, यंदा तरी आकडा रेघेखाली येऊ द्या की. बादल्या वाहून म्हातारीच्या कमरेचा काटा ढिला झाला." त्याचं काय चुकलं? त्याची म्हातारी माझ्यादेखत रांगेत भोवळ येऊन पडली होती.

धाकटी आली ती मोजणीच्या आदल्या दिवशी. या खेपेला ती आईशी भांडली नाही.

"बाबा, तुमची भिंगरी काय म्हणतेय?"

"रेघेला टेकलंय."

"विहिरीत खारट पाणी यायला लागलंय. नदीचं बंद झालं तर रोपं जगायची नाहीत." ती माझ्या टेबलावरची पुस्तकं उगाच सरळ करत होती. "हे म्हणतात, दरवाजे लागले तर जाऊ या. मोठे दीर शहरात आहेत ना, तिकडे."

"किती लांब आहे गं?" तिच्या आईनं विचारलं.

"लांबच आहे. आणि काठावर राहिलो नाही की पास जातो, आई."

ती निघून गेल्यावर बायको मला म्हणाली, "जन्मभर तोंडाला कुलूप लावून बसलात. उद्या तरी उघडा. मी खोटं लिहा म्हणत नाही. जे पाणी आहे, तेवढंच मोजा म्हणते."

चरातलं ते पाणी खरंच होतं. मी रात्रभर त्याच विचारात होतो. खऱ्या पाण्यात भिंगरी सोडली तर लबाडी कशी होईल? आणि शिंप्याच्या म्हातारीला मी काय सांगणार? एकही वाक्य मला शेवटापर्यंत नेता आलं नाही. मी वाचलेल्या पुस्तकांपैकी एकही मदतीला आलं नाही.

सकाळी पाळण्यात व्याही नेहमीसारखेच बसले होते, फक्त त्यांनी दाढी केली नव्हती. तिसरी खूण झाली. आकडा पहिल्याच वेळी जमला आणि तो कमी होता. पाळणा पुढे सरकला. मधोमध आल्यावर मी ब्रेक दाबला.

"खूण पुढे आहे, पंडित."

"माहितीये. इथे सोडू या."

त्यांनी खाली बघितलं. तिथलं पाणी हिरवट, गडद होतं आणि त्याला ओढ होती.

"तुमचा देश काय म्हणेल?" त्यांनी विचारलं.

"माझा देश शहाणा असता तर खुणा केव्हाच हलल्या असत्या."

"हं. तुम्ही बोलायला लागलात की बरं बोलता." ते हसले नाहीत. "पंडित, आपण व्याही आहोत हे दोन्हीकडे पोराटोरांना ठाऊक आहे. तरी आजवर कुणी बोट दाखवलं नाही. दाखवायला आपण जागाच ठेवली नाही. आज तुम्ही माझ्या बाजूला झुकाल. मग एखाद्या वर्षी तुमच्या गावासाठी मला झुकावं लागेल. आणि आपल्यानंतर इथे बसतील ते दोघं हेडफोनच वाटून घेणार नाहीत."

"रोपं तुमच्या पोराची आहेत."

"आणि पोर तुमची आहे. मला कळत नाही का?" त्यांचा आवाज फाटला. "सरकवा. चौथ्या खुणेवर घ्या."

मी सरकवला. मी हट्ट धरायला हवा होता का, हे मला आजही कळलेलं नाही. ब्रेक माझ्या हातात होता. पण शब्द त्यांच्याकडे होते, आणि ते बरोबर होते असं मला तेव्हा वाटलं. कधीकधी अजूनही वाटतं.

आकडा रेघेखाली आला. दोघांनी सह्या केल्या. दुपारी बंधाऱ्याचे दरवाजे खाली उतरले तेव्हा मोठा आवाज झाला नाही. साखळीचा खडखडाट आणि मग शांतता. चार दिवसांत आमच्या टाकीला पाणी आलं. शिंप्यानं दारासमोर सडा मारला आणि माझा शर्ट फुकट शिवून देतो म्हणाला. त्याची म्हातारी ओट्यावर बसून नळाखाली नुसताच हात धरून होती. मला बरं वाटलं, पण शर्टाचं माप द्यायला मी गेलो नाही.

रोपवाटिका महिनाभर तग धरून होती. मग धाकटी पास परत करायला पुलावर आली. पासाच्या खिडकीपाशी आम्हाला थोडा वेळ दिला. तिनं आईसाठी एका डब्यात मातीसकट एक रोप आणलं होतं. शिपायानं रोप आमच्या काठावर आणायला मनाई केली. तो वाईट माणूस नव्हता, नियम तसा होता. ती रोप परत घेऊन गेली. जाताना म्हणाली, "बाबा, सासऱ्यांवर रागावू नका. ते तेव्हापासून घरात विनोदच करत नाहीत."

व्याह्यांनी राजीनामा दिला. मुलाबरोबर जायचं होतं. त्यांच्या शेवटच्या दिवशी आम्ही नेहमीसारखं सगळ्या खुणांवर मोजलं, लिहिलं, सह्या केल्या. काम संपलं होतं. पाळणा आमच्या काठाकडे परत येत होता. तिसऱ्या आणि चौथ्या खुणेच्या मधे त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि ब्रेक दाबला.

"लिहायचं नाही," ते म्हणाले. "नुसतं ऐकू."

त्यांनी भिंगरी सोडली. ती खोल गेली, वायर ताठ झाली आणि तिरपी झाली. हेडफोनची एक बाजू त्यांनी माझ्या कानाला लावली, एक स्वतःच्या. टिकटिक इतकी घाईची होती की बोटं मोजताना अडखळत होती. आमच्या खाली केवढं तरी पाणी चाललं होतं, आणि दरवाजे बंद होते.

त्यांचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलं होतं. हेडफोन वाटून घेताना टेकतंच ते.

वेळ संपली. आम्ही दोघांनी एकदम आकडा म्हटला.

जमला.