मुकं केलेलं इंजिन

वहिनीने दादाचं खेळण्याएवढं रेल्वेचं इंजिन पावाच्या डब्यात घालून खाली आणलं. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. मोटर जळली आहे आणि कुणा मेकॅनिककडे दे म्हणून दादाने सांगितलंय, असं ती म्हणाली. आता ती कुठे मेकॅनिक शोधत हिंडणार? मी होतेच की. दादाला मात्र माझं नाव सांगणार नव्हती, बाजारातला कुणीतरी आहे एवढंच सांगणार होती.

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. आईवडिलांच्या घरात वर तो आणि वहिनी राहतात, खाली मी एकटी. नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

दोष बराचसा माझा. मी बेअरिंगच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी केली. बेअरिंग फिरताना किती थरथरतं, किती आवाज करतं, ते मोजायचं. दादा पत्र्याचं काम करायचा. कामावरून आला की पितळेचा पातळ पत्रा कापून डिझेल इंजिनं बनवायचा, वीतभर लांबीची. खिडक्यांच्या चौकटी, छपरावरच्या पंख्याची जाळी, ड्रायव्हरच्या दाराची मूठ, सगळं फोटोवरून माप काढून हाताने केलेलं. अशी पाच इंजिनं झाली. दिसायला देखणी, पण चालू झाली की कॉफी दळायला घेतल्यासारखी. त्यांच्या रुळांचं टेबल नेमकं माझ्या खोलीच्या वर.

वर जाऊन 'दादा, जरा हळू चालव' म्हणणं दोन मिनिटांचं काम होतं. मी चौदा दिवस मोजमाप घेतलं. आलेखाच्या कागदावर तारीख, वेळ, डेसिबल व्यवस्थित मांडून तो कागद त्याच्या दाराखालून सरकवला. मला खरंच वाटलं होतं की आकडे असले म्हणजे भांडण होणार नाही. त्याने वहिनीकडून निरोप पाठवला, "मोजपट्टीला सांग, पोचलं." मोजपट्टी हे त्याने लहानपणी मला ठेवलेलं नाव. पूर्वी तो ते हसत घ्यायचा.

तेव्हापासून मी घरात नसतानाच तो गाडी चालवायचा. मी नोकरीला होते तोवर अडचण नव्हती. निवृत्त झाल्यावर माझं बाहेर असणं म्हणजे चार ते पाच फिरायला जाणं, तेवढंच. तो साडेतीनपासून टेबलाशी बसून माझ्या फाटकाच्या आवाजाची वाट बघतो, हे वहिनीने एकदा बोलता बोलता सांगितलं. त्यानंतर मी कधी लवकर परतले नाही. पाय दुखत असले तरी रस्त्यापलीकडच्या बागेत बाकावर बसून राहायची. साडेपाच वाजून गेले की उठायची.

इंजिन उघडलं. पितळेच्या कवचाला आतून फेल्टचं जाड लोकरी कापड चिकटवलेलं होतं, त्यावर स्पंज, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर. तीन थर, तीन वेगवेगळ्या वर्षांचे. पहिल्या थराचा गोंद पिवळा पडला होता. म्हणजे माझा कागद मिळाल्यापासून तो आवाज बुजवत होता. आणि तोही चुकीच्या जागी. आवाज कवचात नव्हताच. मोटर थेट पितळेच्या तळाला स्क्रूने आवळलेली, तिचा दांडा आणि चाकांकडे जाणारा दांडा एका रेषेत नाहीत, आणि दोन्ही रबरी नळीच्या तुकड्याने कसेबसे जोडलेले. तिथली थरथर तळात उतरायची आणि सगळा पत्रा ढोलासारखा वाजायचा. मला विचारलं असतं तर दहा मिनिटांत सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही, आणि मी काही वर गेले नाही.

एका बाजूचे थर कुणीतरी खरवडून काढले होते. काम वेडंवाकडं होतं, दादाच्या हाताला न शोभणारं. नवा थर लावायच्या तयारीत असेल, असं मी समजले आणि पुढे गेले. कारखान्यात कुणी मुलीने असं न तपासता गृहीत धरलं असतं तर मी तिला तिथेच थांबवलं असतं.

हे इंजिन इतकं शांत करायचं की त्याला माझ्या फाटकाची वाट बघावी लागू नये, असं मी ठरवलं. ते जमलं तर एखाद दिवशी वर जाता येईल. याच्यापुढचं काही ठरवलं नव्हतं.

अकरा दिवस लागले. जुनी मोटर काढून लहान, दोन्ही टोकांना दांडा असलेली नवी मोटर आणली. ती सिलिकॉनच्या गाद्यांवर बसवली, एकही स्क्रू तळाला टेकू दिला नाही. दांडे एका रेषेत आणले. पितळी दातेरी चाकांच्या जागी नायलॉनची घातली. दात्यांमध्ये किती फट ठेवायची ते ठरवायला पातळ कागदाची पट्टी मध्ये धरायची, मोटर घट्ट करायची आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. ती न फाटता, नुसती चुरगळून बाहेर आली तर काम बरोबर. सहाव्यांदा बरोबर आली. मग खरवडलेल्या जागी नवं फेल्ट लावलं, सरळ कापून. रुळाच्या लहानशा तुकड्यावर इंजिन मागेपुढे चालवून शेजारी आवाजाचं मीटर ठेवलं. इंजिन चालू असताना आणि बंद असताना आकडा एकच. मी टेबलावरचं सामान आवरलं आणि बराच वेळ उगाच हसत बसले.

वहिनी इंजिन वर घेऊन गेली त्या दिवशी मी फिरायला गेले नाही, चार वाजता नुसतं फाटक वाजवलं आणि वहिनीला सांगून घरातच बसले. सव्वाचार झाले. वरून काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणजे काम झालं होतं.

अर्ध्या तासाने ती डबा घेऊन खाली आली. दादा म्हणतो, चालत नाही. मी रुळावर ठेवून दाखवलं. लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. ती वर गेली आणि पुन्हा आली, या वेळी रिकाम्या हाताने, आणि माझ्या खुर्चीवर बसली.

"चालतंय गं. मी डोळ्यांनी बघितलं," ती म्हणाली. "त्याला कळत नाही चालतंय ते. टेबलाच्या टोकाला जाऊन आपटलं, पडता पडता मी धरलं."

मला काही समजेना. तेव्हा तिने सांगितलं. दोन वर्षांपासून दादाच्या नजरेचा मधला भाग जात चालला होता. कडेचं अंधुक दिसतं, समोरचं नाही. माणूस आलेला कळतो, चेहरा कळत नाही. गाडी तो कानाने चालवायचा. वळणावर कुरकुर होते, पुलावर आवाज पोकळ येतो, रूळ बदलला की दोनदा खटकतं. आवाज नीट यावा म्हणून आतलं फेल्ट त्यानेच चाचपडत खरवडायला घेतलं होतं, अर्ध्यावर कंटाळून सोडलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तोच म्हणाला सांगू नकोस," वहिनी म्हणाली. "म्हणाला, डोळेपण मोजायला बसेल."

मेकॅनिकसाठीही त्याचा निरोप होता. हात चांगला आहे, पण माझं इंजिन मुकं केलं.

मी स्क्रू-ड्रायव्हरचा डबा उचलला आणि जिना चढले. नऊ वर्षांत त्यांनी जिन्याला करडा रंग दिला होता, मला माहीत नव्हतं.

दादा टेबलाशी बसला होता. मान एका बाजूला वळवलेली, जणू कुणावर रुसलाय. वहिनीने मेकॅनिक आल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "या." मग दाराच्या अंदाजाने विचारलं, "यात आवाज परत घालता येईल?"

"येईल," मी म्हणाले.

त्याचा हात कंट्रोलच्या बटणावर होता, तो तसाच राहिला. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. मला वाटलं, आता जा म्हणेल. निघावं लागलं तर डबा कुठल्या हातात धरायचा, असला विचार मी करत होते.

"किती घालशील?" त्याने विचारलं. "तुला आकडा लागेल ना."

"आकडा नको. तू बस म्हण, मी थांबते."

मी आधी फेल्ट काढलं, सगळं, सरळ कापलेलंसुद्धा. त्याने एक फेरी मारली. वळण कळतंय थोडं, म्हणाला, पूल नाही. मग एका टोकाची गादी काढली. मग नायलॉनचं एक चाक काढून जुनं पितळी बसवलं. प्रत्येक वेळी तो फेरी मारायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि अजून म्हणायचा. जुनी मोटर बसव असंही एकदा म्हणाला. ती जळून गेलीय, ती परत येणार नाही, असं मी सांगितलं. त्यावर त्याने नुसती मान हलवली. शेवटी मी ज्या स्क्रूला अकरा दिवस तळापासून लांब ठेवलं होतं तो खाली टेकवला आणि आवळला. इंजिन पुलावर गेलं आणि सगळा पत्रा वाजला.

"बस," दादा म्हणाला.

मग तो चालवत राहिला. आलं वळण, म्हणायचा. पूल. आता रूळ बदलतो बघ. बघ म्हणाला ते मला की स्वतःला, कळायला मार्ग नव्हता. स्क्रू, गाद्या, फेल्टचे तुकडे डब्यात भरून झाले तरी मला उठावंसं वाटेना.

वहिनी दारात उभी होती. मी त्याच्या अगदी समोर बसले होते. तिने हाताने खूण केली, तिथे नको. मी स्टूल उचललं आणि टेबलाच्या कडेने त्याच्या बाजूला नेऊन ठेवलं. इंजिन दोनदा फिरून आलं. त्याने माझ्याकडे वळून बघितलं नाही. वळला असता तर मी त्याला दिसेनाशी झाले असते.