ओढ्यावरचा एकटा नर

बेडकांमागे हिंडते म्हणून शेजारणी तिला बेडूकबाई म्हणत. म्हणेनात का बापड्या! त्यांच्या नवऱ्यांपेक्षा बेडूक बरे, निदान पावसाळ्यात तरी तोंड उघडतात.

या खेपेला ओढ्यावर तिला निराळाच आवाज ऐकू आला. टाळूला जीभ लावून काढावा तसा, टक-टक-टक. चिखलात गुडघे रुतवून तिने त्याला शोधून काढलं. अंगठ्याच्या पेराएवढा जीव, गळा पिवळाधमक. पुस्तकांत असला कुठे नाही, संग्रहालयाच्या बाटल्यांत नाही. जातच नवी! पण दुसरा? सगळे दगड उलथेपालथे केले, मादी नाही की दुसरा नर नाही. हा मात्र रोज दिवेलागणीला घसा ताणून हाका मारी, आणि ओ देणारं कोणी नसे.

"आणखी एखादा मिळेपर्यंत थांबू या," ती संग्रहालयातल्या साहेबांना म्हणाली.

"आणि तोवर यालाच सापाने गिळलं तर? नमुना बाटलीत नाही तर जात कागदावर नाही. नुसत्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार, बाई?"

साहेबांचं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. तिने त्याला ओल्या पिशवीत घालून खोलीवर आणलं. स्पिरिटमध्ये बेडकाचा रंग उडतो, म्हणून जिवंतपणीचे रंग आधी लिहून घ्यायचे. गळा, पोट, मांडीची आतली बाजू. सगळं लिहून झालं, तरी डोळ्याच्या कडेची सोनेरी रेघ तिने उगाच खोडून परत लिहिली.

तेवढ्यात आईचा फोन. बोलता बोलता पिशवीत टकटक सुरू झाली.

"कोण गं ते?"

"बेडूक."

"बरं झालं बाई, घरात कोणीतरी बोलतंय तरी. ठेवून घे त्याला."

"आजच्यापुरताच आहे, आई."

"तुझं मेलं सगळंच आजच्यापुरतं!" आईने फोन आपटला.

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. उठून तिने वाडग्यात गुंगीच्या औषधाचं पाणी केलं आणि त्याला अलगद आत सोडलं. एवढं झालं की जीव जाईपर्यंत लोक चहा प्यायला जातात. तीही आजवर जायचीच. आज खुर्ची ओढून बसली आणि त्याच्या हनुवटीखाली बोट धरलं. गळ्याची धडधड मंदावत गेली, मग थांबली.

बाटली, पायाला बांधायची चिठ्ठी, दोरा, सगळं हाताशीच होतं. पण तिने बोट काही लवकर काढलं नाही.