मिठागराच्या तारा

बाबांना त्यांच्या वाद्यवृंदातले लोक मिठागर म्हणायचे. हे नाव ड्रमवाल्या काकांनी ठेवलेलं. बाबांच्या हातांना घाम सुटायचा आणि तोही असा खारट, की किल्ल्यांना गंज चढायचा, घड्याळाचा पट्टा वर्षभरात झिजायचा आणि गिटारच्या नव्याकोऱ्या तारा सहाव्या दिवशी काळ्या पडायच्या. तालमीला बाबा दारात दिसले की काका ओरडायचे, "मिठागर आलं, आपापलं लोखंड झाका!" सगळे हसायचे. बाबाही हसायचे, पण लगेच हात रुमालाला पुसायचे.

बाबांचा धंदा जळालेल्या मोटरी पुन्हा वळून देण्याचा. पंपाच्या, पंख्याच्या, गिरणीच्या. रविवारी मात्र गिटार. मी शिकले आणि गिटारच्याच तारा बनवणाऱ्या कारखान्यात लेप विभागात लागले. बाबांची काळी झालेली बोटं बघतच लहानाची मोठी झाले होते, पण मुलाखतीत हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आमच्या विभागात तयार तारेवर केसाहून पातळ लेप चढवायचा. गिटारच्या जाड तारांना पोलादी गाभ्यावर दुसऱ्या बारीक तारेची घट्ट गुंडाळी असते, तिच्या फटींत घाम आणि मळ शिरतो. तो शिरू नये म्हणून हा लेप. पहिला संच खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याखाली सहा आठवडे ठेवला, तरी सोन्यासारखा चकाकत होता. मी तसाच एक संच घरी आणला. वाटलं, बाबांच्या डोळ्यांत पाणी येईल.

बाबांनी तारा चढवल्या, सूर लावले, दोन ओळी वाजवल्या आणि थांबले.

"याला साबण लावलाय का गं?"

"बाबा! लेप आहे तो."

"बोट तारेला लागतच नाही. हातमोजे घालून लेकराच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटतंय. आणि बोट सरकवताना ती चिरचिर यायची, ती कुठं गेली?"

"ती चिरचिर लोकांना नको असते."

"मला हवी असते," बाबा म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरीनं एवढ्या हौशीनं आणलंय, जरा गोड बोलायला काय होतं?"

"गोड बोलायला काय, शेजारचेही बोलतील," बाबा म्हणाले. "मी वाजवून बघतो. मग बोलतो."

मी गाल फुगवून बसले. पण माणूस शब्दाला पक्का. रोज दुकान बंद केल्यावर तासभर त्याच तारांवर वाजवायचे आणि मोटरीच्या नोंदींच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायचे. दहाव्या दिवशी ते पान फाडून माझ्या हातात दिलं. पहिला दिवस: निसरडी. चौथा: सवय झाली, आवाज चांगला, पण जरा पांघरुणातून आल्यासारखा. सातवा: तार छेडायचं पिक लागतं तिथं लेप सुटून स्वेटरसारखी लव आली. नववा: लव निघाली तिथं घाम शिरला, चौथी तार काळी.

यंत्रात सहा आठवडे टिकलेली तार बाबांच्या हाताखाली नऊ दिवसांत गेली होती.

मी ते पान आमच्या विभागप्रमुख मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग खणातून वादकांच्या तक्रारींचा गठ्ठा काढला. "हे सगळे म्हणतायत 'मजा येत नाही'. कुठं, कधी, का, हे कुणीच सांगितलं नव्हतं. कोण आहेत हे?"

"मोटर वाइंडिंग करतात," मी म्हणाले. मग सांगूनच टाकलं. "माझे बाबा."

मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि हात खिशात घालून उभे राहिले. मॅडमनी त्यांना सगळं फिरवून दाखवलं: गुंडाळीची यंत्रं, मग लेपाची टाकी, मग भट्टी. भट्टीजवळ बाबा थांबले.

"आधी गुंडाळता आणि मग वरून लेप देता?"

"हो. नाहीतर गुंडाळताना लेप तडकेल."

"आमच्या मोटरीची तांब्याची तार बघा," बाबा म्हणाले आणि बोलण्याच्या भरात हात खिशातून बाहेर आले. "तिला आधीच इनॅमलचा पातळ लेप असतो. मग ती आम्ही वळतो, पिळतो, हातोडीनं ठोकून बसवतो, तरी तडकत नाही. तुम्ही आख्ख्या तारेला रजई पांघरताय. प्रत्येक वेढ्याला त्याचा सदरा घाला ना! मग वेढे बोटाला लागतील, चिरचिर येईल आणि एका जागी फाटलं तरी सगळं उसवणार नाही."

मॅडम भट्टीतल्या तारांकडे बघू लागल्या. मनात म्हटलं, बाबांनी पायरी सोडली. पण त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उद्यापासून हेच कर. बारीक तारेला लेप आधी, गुंडाळी नंतर."

बोलायला सोपं, करताना नाकी नऊ आले. पहिल्या खेपेला लेप भुशासारखा झडला. दुसऱ्यांदा चिकटून वेढेच बसेनात. मी बाबांच्या दुकानात जाऊन उभी राहायचे. तार किती ताणायची, वळताना वेग कुठं कमी करायचा, हे ते बोटानं माझ्या बोटावर दाबून दाखवायचे. तिसरा आणि चौथा संच कचऱ्यात गेला. पाचव्याला लेप जागच्या जागी राहिला.

तो संच आठ वादकांना दिला, त्यांत बाबाही होते. बाकीच्या सातांनी दोन महिन्यांनीही तारा काढल्या नाहीत. मॅडमचं म्हणणं एकच: "त्या सातांचं मला सांगू नकोस. तुझ्या बाबांचं काय?" बाबांच्या जाड तारा एकेचाळीस दिवस टिकल्या. सहाचे एकेचाळीस! त्यानंतर आमच्याकडच्या चाचणीच्या तक्त्यात खाऱ्या फवाऱ्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आला. मॅडमनी स्वतःच्या अक्षरात त्यावर लिहिलं: 'मिठागर'. हे नाव मीच त्यांना हसत हसत सांगितलं होतं. त्या हसल्या नाहीत. "जी तार या हाताखाली टिकेल, ती कुठंही टिकेल," असं म्हणाल्या.

वाद्यवृंदात ही बातमी मी पोहोचवली. ड्रमवाले काका म्हणाले, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं एका मापाची टिंगल करत होतो!" आणि उठून बाबांसाठी खुर्ची ओढली. बाबा ताठ बसले. नव्या पाहुण्या गायकानं विचारलं, "तारा कुठल्या हो? छान खणखणीत बोलतायत." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "आमची मुलगी बनवते." कारखान्याचं नाव, मॅडम, आठ वादक, सदऱ्याची कल्पना, सगळं गिळून टाकलं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं.

घरी परतताना मी काहीतरी कौतुकाचं ऐकायच्या तयारीत होते.

"चार तारा झाल्या," बाबा म्हणाले. "खालच्या दोन बारीक, बिनगुंडाळीच्या, त्या अजून सहाव्याच दिवशी काळ्या पडतात. त्यांचं काय?"

"त्यांना वेढे नाहीत, बाबा. वरून लेप दिला की पुन्हा तुमचा साबण. सदरा कुणाला घालू?"

"ते तू बघ. मी मोटरवाला माणूस."

दुसऱ्या दिवशी मी कामावर तासभर लवकर गेले.