बोनेटवरची चुडैल

उन्हाळ्यातल्या एका रविवारी दुपारी सिमरोल घाटाच्या पायथ्याशी मोटारींची ही रांग लागली होती! प्रत्येक मोटारीला हार, हारामागे घामाघूम ड्रायव्हर. सगळ्यांचं दुखणं एकच, चढावर गाडी ओढत नाही. आणि वैद्यही एकच, शीतलनाथ बाबा.

रांगेत सुधाकररावांची छोटी एसी मोटार होती. मिल बंद पडल्यावर ते टॅक्सी चालवू लागले होते. बाहेरगावचं गिऱ्हाईक हल्ली एसीच मागायचं. मागच्या खेपेला बाबांनी निदान केलं होतं, "बोनेट पे चुडैल बैठी है. तेरी घरवाली के पीछे आई है. तिला वर्षभर माहेरी धाड!"

सुधाकररावांनी खरंच ट्रंक काढली. त्यांची बायको सुलोचनाबाई शाळेत विज्ञान शिकवायची. ती एवढंच म्हणाली, "जाते. पण आधी चुडैल बघून जाते."

त्यांचा नंबर आला, तसे बाबा सुधाकररावांशेजारी पुढच्या सीटवर बसले. डॅशबोर्डवर भगवं कापड पसरून त्यांनी लिंबासकट हात त्याखाली घातला. मागे सुलोचनाबाई आणि दोन जाडजूड चेले. अर्ध्या चढावर गाडी धापा टाकू लागली.

"काचा खाली! चुडैल निकलेगी! ओम फट्‌ टर्र टर्र स्वाहा!"

कापडाखाली खट्‌ झालं आणि गाडी तरातरा चढू लागली.

"देखा भिया!" चेले ओरडले.

सुलोचनाबाईंनी सगळ्यांना काचा वर करायला लावल्या. मिनिटभरात सगळे निथळू लागले.

"बाबाजी, एवढं उकडतंय कशानं?"

"चुडैल जाते जाते ठंडक ले गई!"

सुलोचनाबाईंनी वाकून कापड ओढलं. बाबांचं बोट एसीच्या बटणावर! तिनं ते बटण दाबलं, गाडी मंदावली. "आली." पुन्हा दाबलं, गाडी पळाली. "गेली." तिसऱ्यांदा तर चेल्यानंच आरोळी दिली, "आली रे आली!"

गाडी थांबताच बाबा झाडीत पसार झाले.

पायथ्याशी परतल्यावर सुलोचनाबाईंनी रांगेला समजावलं, "एसीचा कंप्रेसर इंजिनच फिरवतं. छोट्या इंजिनाची ताकद त्यात जाते, म्हणून चढावर गाडी दमते. एसी बंद केला की ती ताकद चाकांना मिळते. काचा उघड्या, म्हणून एसी बंद झालेला कुणाला कळत नाही."

सुधाकरराव खाली मान घालून म्हणाले, "चुकलो गं. मिल गेली तेव्हापासून कुणी काहीही सांगितलं तरी खरं वाटतं."

"अहो, घाबरायला होतंच," ती म्हणाली, "पण कुणी चमत्कार दाखवला, की घाबरण्याआधी त्याचं कापड उचलून बघायचं."