एक दिवसाआड

इस्त्रीच्या दुकानात त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे. सात म्हणजे सातला गोळी गिळून गडी घराबाहेर पडायचा, पण ती गोळी कसली हे तिथे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. एचआयव्ही निघाल्याचं त्याने सांगितलं ते फक्त थोरल्या बहिणीला, जिच्या घरी तो राहायचा. डबी खिशात खुळखुळते, लोक नसत्या चौकशा करतात, म्हणून ताई ती स्वतःच्या कपाटात ठेवायची आणि रोज सकाळी पाण्याच्या भांड्याबरोबर एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची. पुढे भावोजींना कुणकुण लागली. त्या दिवसापासून त्याचा कप वेगळा झाला. त्याने तेही मुकाट्याने सोसलं, कारण ताई होती ना!

आज दवाखान्यात नर्सबाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला. "गोळ्या चुकवतोस तू. विषाणू पुन्हा वाढलेत."

"एक दिवस चुकली असेल तर जीभ झडो माझी!"

"मग गोळी दिसते कशी, सांग बघू."

"एक दिवस लांबट, एक दिवस गोल. म्हटलं, दोन कंपन्यांचा माल येत असेल."

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, आमच्याकडे गोल गोळी नाहीच!"

घरी येईपर्यंत तो स्वतःला समजावत होता, की ताईलाच कुणीतरी फसवलं असणार.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. "गोल गोळी कसली गं?" त्याने दारातूनच विचारलं.

तिचा हात थांबला. "कॅल्शियमची."

"आणि माझी?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "त्यांनाही तेच निघालंय रे. चार महिने झाले, बाहेरच्या लॅबमध्ये गुपचूप रक्त तपासलं तेव्हा कळलं. दवाखान्याची पायरी चढायची लाज वाटते त्यांना. म्हटलं, एका घासातला अर्धा घास. दोघंही तगाल."

म्हणजे त्याच्या कपाला हात न लावणारे भावोजी त्याचीच गोळी खात होते! संतापाने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लाज? मी तीन वर्षं त्या रांगेत उभा राहतोय, मला काय लाज नाही? अर्ध्या औषधाने दोघंही मरतात, ताई. आता ती गोळी मला लागू पडेल की नाही, याची डॉक्टरांनाही खात्री नाही."

"माझं चुकलं रे."

"दिसत होतं गं मला. आज गोल, उद्या लांब. दुसऱ्या कुणी दिली असती तर दहा प्रश्न विचारले असते. तू देत होतीस, म्हणून विचारलं नाही."

ती रडायला लागली. त्याने कपाट उघडून डबी घेतली, दोन कपडे पिशवीत कोंबले आणि तो निघाला. तरी उंबऱ्यात त्याचा पाय अडखळला. आता तुझं कसं होणार, एवढं तरी ती विचारेल, असं त्याला वाटलं.

ताईने पदराने डोळे पुसले.

"मग उद्या यांना काय देऊ रे?"