तीन बोटांत मावलेला जिना

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. रोलवर चालणारा, काळ्या अंगाचा, आणि झूम नावाची चैन मुळीच नसलेला. समोरचा माणूस मोठा दिसायला हवा असेल, तर मला धरणाऱ्यालाच पाय उचलावे लागतात. याची मला कधी लाज वाटली नाही.

कारखान्यात एका बाईंनी डोळ्यांत तेल घालून माझे बारीक स्क्रू बसवले, म्हणून माझी कळ अजून कुरकुरत नाही. पुढे एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकार बाईंनी मला विकत घेतले. त्यांची भाची त्यांना आत्या म्हणे, म्हणून मीही आत्याच म्हणतो. आत्याला एक खोड होती. कळ दाबण्याआधी चौकटीत काय काय आहे ते ती बोटांवर मोजायची. तीन बोटांच्या वर गेले की एक पाऊल पुढे!

"बाई, तुमची बोटं मोजून होईपर्यंत मंत्री घरी जाऊन जेवेल," असे सहकारी चिडवायचे. पण पहिल्या पानावर फोटो लागायचा तो आमचाच.

मग नवे कॅमेरे आले, आत्या निवृत्त झाली आणि मी कपाटात शालींच्या घडीखाली जाऊन पडलो. भाची त्याच वर्तमानपत्रात लागली. तिच्या गळ्यातला नवाकोरा कॅमेरा पाहून मी जळलो, खोटे कशाला बोलू?

भाचीचे वडील, म्हणजे आत्याचे दादा, निवृत्त पोस्टमन. लोकांचे जिने चढण्यात त्यांचा जन्म गेला. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी त्यांना सरकारी दवाखान्याचा तिसरा मजला गाठावा लागे, आणि तिथली लिफ्ट अकरा महिने बंद होती. अर्ज करून करून रुग्णांच्या चपला झिजल्या. शेवटी संपादकांनी भाचीला पहिल्या पानावर एका फोटोची जागा देऊ केली.

भाचीने दोनशे फोटो काढले. इमारत, पाटी, गर्दी, लोंबत्या वायरी, परिचारिका, काही सोडले नाही.

संपादक म्हणाले, "यात सगळं आहे, म्हणून काहीच दिसत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा आण, नाहीतर ती जागा जाहिरातीला जाईल."

भाची हिरमुसून घरी आली. आत्याने सगळे फोटो पाहिले आणि विचारले, "यात दादा कुठाय?"

"बाबांना असं धापा टाकताना कसं दाखवू गं? मला बघवत नाही."

दादा शेजारीच बसले होते. "अगं, तुला बघवत नाही तेच लोकांना दाखव. मी काय जिन्यात चोरी करतोय?"

आत्या उठली आणि तिने मला शालींखालून बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची मला घेऊन जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये, वळणावर, कुणीतरी घरून आणलेली खुर्ची ठेवली होती. दादा तिच्यावर टेकले. भाचीने बोटे मोजली: सात. ती चार पायऱ्या उतरली. वायरी गेल्या, पाटी गेली, बादली गेली. उरले वडील, खुर्ची आणि मधल्या पायऱ्या. दादांनी मान वर केली, ओठ हलवत ते राहिलेल्या पायऱ्या मोजू लागले. भाचीने माझ्या भिंगाचे कडे फिरवून त्यांचे डोळे स्पष्ट केले आणि कळ दाबली. त्या क्षणी माझी छाती अभिमानाने फुगली!

फोटोखाली तीनच शब्द छापले: 'अजून नऊ पायऱ्या.' दिवसभर कचेरीतले फोन वाजत राहिले. दवाखान्याचे मोठे साहेब पाहणीला आले, जिना चढता चढता घामाघूम झाले आणि त्याच खुर्चीत बसले. बाराव्या दिवशी लिफ्ट सुरू झाली.

मित्रांनो, माझी काच मऊ कापडाने पुसत जा, मला दमट जागी ठेवू नका. आणि सांगण्यासारखे काही असेल, तर त्याच्यासमोरची अडगळ आधी बाजूला करा.

लिफ्टच्या पहिल्या फेरीचा मान सगळ्यांनी दादांना दिला. "एकटा कशाला? या सगळे," म्हणत त्यांनी आणखी तिघांना आत घेतले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडले, तेव्हा चौघेही जोरजोरात गप्पा मारत होते. कोणालाही दम लागला नव्हता.